ग्रीस-रोममधल्या बायका दिवसभर काय करायच्या? टकळी हातात घेऊन दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "प्राचीन ग्रीस आणि रोममधल्या सामान्य बायकांचा रोजचा दिवस कसा जायचा? अथेन्सच्या बायका घरात कोंडलेल्या असत आणि रोमच्या त्या मानाने मोकळ्या, एवढंच वाचायला मिळतं. पण घरात बसून त्या दिवसभर करत काय होत्या?"

या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मी गेली पंचवीस वर्षं हाताने कातायला आणि विणायला शिकवते, जुन्या कापडांचा अभ्यास करते. त्यामुळे माझं उत्तर टकळीपासून सुरू होतं. त्या सूत काढत होत्या. सकाळी उठल्यापासून दिवे लागेपर्यंत, आणि पुष्कळदा दिवे लागल्यावरही, हात रिकामा झाला की टकळी हातात. चुलीवर काहीतरी रटरटतंय, पोर पायाशी रांगतंय, शेजारीण येऊन टेकली आहे आणि टकळी फिरतेच आहे.

हे काम केवढं होतं ते आज पटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याला धागा रिळावर गुंडाळलेलाच मिळतो. म्हणून आधी हिशेब मांडते. साधारण बरं लोकरीचं कापड घ्या, सेंटिमीटरला १० धागे उभे आणि १० आडवे. म्हणजे एका चौरस मीटरला हजार उभे, हजार आडवे, मिळून २,००० मीटर सूत. ग्रीक बाई अंगाला गुंडाळून खांद्यावर टाचण्यांनी अडकवायची तो 'पेप्लॉस' साधारण ३ चौरस मीटरचा धरला, तर ६ किलोमीटर सूत. सरावलेला हात टकळीवर तासाला ४० ते ५० मीटर काढतो. माझा वेग तेवढाच आहे आणि माझ्यापेक्षा चांगल्या कातणाऱ्यांचाही फार वेगळा नाही. म्हणजे एका वस्त्राचं नुसतं सूत काढायला १२० ते १५० तास. रोज सहा तास बसलं तरी तीन-साडेतीन आठवडे. यात लोकर धुणं, विंचरणं, रंगवणं, माग लावणं आणि विणणं धरलेलंच नाही. आता घरात सहा-आठ माणसं, त्यांचे कपडे, थंडीची पांघरुणं, अंथरुणं, पडदे, लेकीच्या लग्नाची वस्त्रं आणि मेलेल्याला गुंडाळायचं कापड, एवढं सगळं धरा. बाजारात तयार कपडा मिळत नव्हता असं नाही. मेगारा गावचे लोक गुलामांकडून साधे अंगरखे विणून घेऊन त्यावरच पोट भरत. पण विकत घ्यायचा कपडाही कुणाच्या तरी हातच्या सुताचाच.

कातरलेली लोकर हातात घेतली की आधी तिचा तेलकटपणा लागतो, मग वास येतो. मी दख्खनी मेंढीची लोकर कातायला एका धनगर आजींकडे शिकले. पहिले चार दिवस त्यांनी मला टकळीला हातच लावू दिला नाही. गोखरू वेचायचे, काड्या काढायच्या, बोटांनी मोकळं करायचं. ग्रीक मुलीचीही सुरुवात अशीच होत असणार, कारण लोकर साफ केल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही. पेळू वळायला ग्रीक बायका मांडीवर एक वस्तू घालायच्या. भाजलेल्या मातीची, आपल्या नळीच्या कौलासारखी अर्धगोल, गुडघ्याकडून बंद. तिची वरची बाजू माशाच्या खवल्यांसारखी मुद्दाम खरबरीत केलेली असते, म्हणजे लोकर घासताना धरून राहते आणि तेल कपड्यांना लागत नाही. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात इ.स.पू. ४२५ च्या सुमाराची अशी एक वस्तू आहे. तिच्यावर नव्या नवरीचं चित्र फार सुंदर रंगवलंय. लोक ते चित्र बघून पुढे जातात. मी मात्र वरच्या खवल्यांकडे बघत राहते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तेलाची एक बुटकी कुपी आहे, जेमतेम १७ सेंटिमीटर उंचीची, इ.स.पू. ५५० ते ५३० मधली. तिच्या पोटाभोवती बायका कामाला लागल्या आहेत. कुणी तराजूत लोकर तोलतेय, कुणी कातताना टकळी सोडलेली, दोघी विणून झालेल्या कापडाची घडी घालताहेत आणि मधे उभ्या मागावर दोघी विणताहेत. माग म्हणजे भिंतीला टेकवलेले दोन खांब आणि वर आडवी तुळई. ताण्याचे म्हणजे उभे धागे वरून लोंबतात आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली मातीची वजनं बांधतात. कापड वरून खाली वाढतं, बाणा म्हणजे आडवा धागा वरच्या दिशेने ठोकायचा. आपल्याकडच्या खड्डामागावर विणकर बसतो, पाय खाली कामाला. इथे बसणं नाहीच. रुंद कापडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालाव्या लागतात. होमरच्या काव्यात विणणाऱ्या बाईसाठी नेमका 'मागापुढे येरझारा घालणारी' असाच शब्दप्रयोग येतो. मी असा माग स्वतः उभा केला तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कळला. संध्याकाळी दुखले ते खांदे आणि पोटऱ्या. आणि मागाला आवाज असतो. धाग्यांची ओळ बदलली की खालची वजनं एकमेकांवर आपटून खडखडतात. त्या काळच्या गल्लीतून चालताना भिंतीपलीकडून हाच आवाज येत असणार.

लाकूड कुजतं, लोकर कुजते, भाजलेली माती टिकते. म्हणून उत्खननात ही वजनं सापडतात. उत्तर ग्रीसमधलं ओलिन्थॉस गाव अलेक्झांडरच्या बापाने, फिलिपने, इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केलं, आणि घरं होती तशी गाडली गेली. तिथे मागाची वजनं अंगणाला लागून असलेल्या खोल्यांतही सापडली. कारण उघड आहे, उजेड तिथे होता. 'बायकांची खोली आत, अंधारात, कुलुपात' हे चित्र विणणारीला पटणं कठीण. अंधारात तुटलेला धागा दिसत नाही.

आता कोंडण्याबद्दल. ती समजूत कुणाच्या लिखाणावरून आली ते बघायला हवं. इसखोमाखस नावाचा एक श्रीमंत अथेनियन झेनोफोन या ग्रीक लेखकाच्या एका संवादात येतो. त्याची बायको लग्नाच्या वेळी पंधराचीही नव्हती. तो म्हणतो, ती आली तेव्हा लोकर घेऊन वस्त्र करून देणं आणि दासींना कातायचं काम कसं वाटून देतात हे पाहिलेलं असणं, एवढंच तिला येत होतं. या 'एवढंच' शब्दाशी मी दर वेळी अडखळते. चौदा वर्षांच्या मुलीला लोकरीपासून वस्त्रापर्यंत सगळं येतं, म्हणजे ती किमान सहा-सात वर्षं रोज शिकत होती. हे तिला कुणी शिकवलं, ते तो सांगत नाही.

अशा घरात मालकीण कामाची वाटणी करायची आणि हातांचं काम बहुतेक दासींचं. दासी म्हणजे विकत घेतलेली किंवा लढाईत पकडलेली बाई, हे विसरू नये. अथेन्समध्ये इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातले काही शिलालेख आहेत. मुक्त झालेल्या गुलामांनी प्रत्येकी १०० द्राख्मा (ग्रीक नाणी) किमतीची चांदीची वाटी देवीला वाहिली, त्याच्या याद्या. त्यात नावापुढे धंदा लिहिलेला आहे. बायकांच्या नावांपुढे पुन्हा पुन्हा एकच शब्द येतो: लोकरकाम करणारी. ज्यांच्या हातून अथेन्सला कपडा मिळाला त्यांची नावं एका यादीत तरी उरली.

गरीब घरातली बाई तर कोंडून राहूच शकत नव्हती. अॅरिस्टॉटलनेच सरळ विचारलंय की गरिबांच्या बायकांना बाहेर पडण्यापासून अडवणार कसं? पाणी भरायला जावं लागे. पाण्याच्या ग्रीक घड्याला तीन कान असतात, दोन उचलायला आणि तिसरा मागे, ओतायला. इ.स.पू. ५२० ते ५०० च्या दरम्यानच्या कितीतरी घड्यांवरच पाणवठ्याची चित्रं आहेत. नळाच्या तोटीखाली घडा लावलेला, बाकीच्या बोलत उभ्या, डोक्यावर चक्क चुंबळ. दळायचं घरीच, पुष्कळ ठिकाणी पाटा-वरवंट्यासारख्या दगडावर गुडघे टेकून.

बाजारातही बायका होत्या. इ.स.पू. ३४५ च्या सुमारास एका माणसाला आपलं नागरिकत्व कोर्टात सिद्ध करावं लागलं. विरोधकांचा मुद्दा हा की त्याची आई बाजारात फिती विकते आणि तिने दाईपणाही केलाय, लोकांची मुलं दूध पाजून वाढवली आहेत, म्हणजे ती नागरिक नसणार. मुलाने काही लपवलं नाही. हो, विकते, तो म्हणाला, गरिबीने हे करायला लावलं. आणि बाजारात काम करण्यावरून कुणाला हिणवणं हाच कायद्याने गुन्हा आहे, याची आठवण त्याने न्यायसभेला करून दिली. असा कायदा मुळात करावा लागला, यावरून दोन गोष्टी कळतात. हिणवलं जात होतं आणि बायका तरीही विकायला बसत होत्या.

मधल्या वर्गाचं घर बघायचं तर एका खून खटल्यातलं भाषण वाचावं. युफिलेटॉस नावाच्या माणसाने बायकोच्या प्रियकराला मारलं होतं. स्वतःची बाजू मांडताना तो घराची रचना सांगतो. दोन मजली लहान घर, वर बायका, खाली पुरुष. मूल झालं, रात्री त्याला धुवायला जिना उतरताना बायको पडेल म्हणून तो स्वतः वर गेला आणि ती खाली आली. म्हणजे 'बायकांचा मजला' हा तान्ह्या बाळापायी सहज बदलला. एका रात्री दार वाजल्याचा आवाज त्याने ऐकला आणि सकाळी विचारलं, तर ती म्हणाली, बाळाजवळचा दिवा विझला होता, शेजारून पेटवून आणला. सबब खोटी होती. पण ती खपली, म्हणजे रात्री शेजारी विस्तव मागायला जाणं नेहमीचं होतं. खोट्यातूनच खरा शेजार दिसतो.

कायद्यात मात्र अथेन्सच्या बाईला काही स्थान नव्हतं, यात शंका नाही. बाप, नवरा, भाऊ किंवा मुलगा यांपैकी कुणीतरी तिचा पालक. सुमारे ५० लिटर जवाच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार तिने स्वतः करायचा नाही. लग्न चौदाच्या आसपास, नवरा तिशीचा. सणांना मात्र ती हक्काने बाहेर. थेस्मोफोरिया हा तीन दिवसांचा सण फक्त बायकांचा. आणि अथेना देवीला नेसवायचं वस्त्र निवडलेल्या मुली-बायका नऊ महिने विणत. शहराच्या सगळ्यांत मोठ्या सणाच्या मध्यभागी त्यांच्या हातचं कापड असे.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती अरिस्टार्खॉसच्या घराची गोष्ट. तीही झेनोफोननेच लिहून ठेवली आहे. इ.स.पू. ४०४-४०३ मध्ये अथेन्समध्ये यादवी पेटली, पुरुष पिरेअस बंदराकडे पळाले किंवा मारले गेले. मागे राहिलेल्या बहिणी, भाच्या, चुलतबहिणी या अरिस्टार्खॉसच्या घरी येऊन राहिल्या. घरात चौदा माणसं, शेती शत्रूच्या ताब्यात, भाडं येत नाही, कर्ज कुणी देत नाही. सॉक्रेटिस त्याला विचारतो, यांना काय येतं? कपडे करता येतात? मग बसून का आहेत? तो म्हणतो, अहो त्या घरंदाज बायका, दासी नव्हेत. पण शेवटी त्याने कर्ज काढून लोकर आणली. मग काय झालं? बायका काम करता करता दुपारचं जेवायच्या आणि संध्याकाळच्या जेवणालाच उठायच्या. रुसलेले चेहरे हसरे झाले. एकमेकींकडे संशयाने बघणं थांबलं. आणि मग त्यांनीच तक्रार केली की या घरात एकटा हाच काम न करता खातो.

माझ्या वर्गातही हे मी पाहिलंय. पाच-सहा बायका गोल बसून कातायला लागल्या की पहिल्या तासात कुणी बोलत नाही. हाताला लय सापडली की बोलणं आपोआप सुटतं. म्हणून मला ही गोष्ट लेखकाने सजवलेली वाटत नाही.

बाळंतपणाबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे नुसती माहिती देऊन भागत नाही. अथेन्समध्ये इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका थडग्यावर फानोस्ट्राटे हिचं नाव आहे, 'सुईण आणि वैद्य' अशा दोन्ही शब्दांनी. आणि केरामेइकॉस दफनभूमीत आम्फारेते नावाच्या आजीचा दगड आहे. हातात नातवंड धरून ती बसलेली. वरचा मजकूर म्हणतो की हे माझ्या लेकीचं मूल, आम्ही दोघं ऊन बघत होतो तेव्हा याला मांडीवर घ्यायचे, आता मेल्यावरही धरून आहे. उलट इजिप्तमधल्या ऑक्सिरिंखस गावाच्या जुन्या कचऱ्यातून इ.स.पू. १ मधलं एक पत्र निघालं. कामासाठी दूर गेलेला हिलारिऑन गरोदर बायकोला, आलिसला, लिहितो: मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. त्याच पत्रात तो तिला काळजी करू नको असंही म्हणतो. मला हे पत्र वर्गात मोठ्याने वाचता येत नाही.

रोममध्ये बाई पुरुषांबरोबर जेवायला बसे, मेजवानीला जाई, मालमत्ताही बाळगी. पोम्पेई या रोमन शहरात युमाखिया नावाच्या बाईने मुख्य चौकात मोठी इमारत बांधून दिली, आसेल्लिनाच्या खानावळीच्या भिंतीवर निवडणुकीचा प्रचार लिहिलेला आहे. पण कौतुकाचा शब्द बदलला नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकात रोममध्ये क्लॉडिया नावाच्या बाईच्या थडग्यावर लिहिलं होतं की तिला दोन मुलगे झाले, एक जमिनीवर आहे, एक जमिनीखाली. शेवट असा: घर सांभाळलं, लोकर कातली. सम्राट ऑगस्टसही घरात बहिणीने, बायकोने, लेकीने, नातींनी केलेलेच कपडे घालायचा. ते काम त्या स्वतः किती करत आणि किती करवून घेत, हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण पोम्पेईच्या एका घरात अंगणाच्या भिंतीवर बायकांच्या नावांची यादी खरडलेली आहे. व्हितालिस, अमारिलिस, यानुआरिया, दोरिस. प्रत्येकीपुढे तिला तोलून दिलेली लोकर, आणि ताण्याचं सूत की बाण्याचं तेही. ताण्याच्या धाग्याला पीळ जास्त लागतो, तो मागावर ताण सोसतो. ज्याने ही यादी केली त्याला किंवा तिला कुणाचा हात कसा आहे ते ठाऊक होतं.

आपल्याकडचा धागाही त्या जगात पोचला होता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर म्हणजे आपल्या तेरहून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाते असं लिहिलंय. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दर वर्षी रोमन साम्राज्याची १० कोटी सेस्टर्स नाणी नेतात, एवढ्याला आपली चैन आणि आपल्या बायका पडतात, अशी रोमन लेखक प्लिनी कुरकुर करतो. तेरला ते सूत काढणाऱ्यांची यादी कुठल्याच भिंतीवर सापडलेली नाही.

शेवटी एक पत्र सांगते. रोमन इजिप्त, इ.स. ११६ च्या सुमारास. देशात ज्यूंचा उठाव पेटलाय, जिल्ह्याचा अधिकारी असलेला अपोलोनिऑस मोहिमेवर आहे. त्याची आई युडायमोनिस हर्मोपोलिसहून गरोदर सुनेला, आलिनेला, लिहिते. सुखरूप सुटका होवो, मुलगा झाल्याची बातमी येवो. मग लगेच कामाचं. रंगाऱ्याकडून माल कसाबसा १० तारखेला मिळाला. तुझ्या दासींबरोबर जमेल तेवढं काम करतेय, पण आणखी हात मिळत नाहीत, सगळ्या आपापल्या मालकिणींकडे गुंतल्या आहेत. आपले कामगार मजुरी वाढवून मागत गावभर फिरले. मी अडचणीत असताना २० द्राख्मा कशाला पाठवलेस? हिवाळा आला की माझ्या अंगावर काही नसेल, हे चित्र आत्ताच डोळ्यांसमोर आहे. माझा मुलगा मोहिमेवरून सुखरूप परत येईपर्यंत देवाकडेही लक्ष देणार नाही. आणि त्याच पत्रात तिच्याजवळ राहणाऱ्या नातीबद्दल एक ओळ: छोटी तुला नमस्कार सांगते, अभ्यास नेटाने करतेय.